फोन कुठे होता, माणूस कोणाबरोबर होता

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाविषयी बोललो. धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण कोणत्या अधिकाराने म्हणतो, हा विषय होता. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने प्रश्न पाठवला. तो असा: "सर, आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि माणूस कुठे कुठे गेला ते फोनला ठाऊक असतं. मग साथ आली की रोग्याच्या संपर्कात कोण आलं ते शोधायला माणसं दारोदार कशाला पाठवायची? फोनवरून केलेलं अनुमान धुरावरून केलेल्या अनुमानापेक्षा पक्कं नाही का?"

आम्ही दोन ओळींत उत्तर लिहायला बसलो आणि ते दोन ओळींत मावेना. म्हणून आजचं सगळं व्याख्यान त्या प्रश्नालाच देऊन टाकू. आम्ही ना डॉक्टर, ना संगणकवाले. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, एवढीच आमची शिदोरी. पण हा दावा मुळात तर्काचाच आहे, बघा. अमुक फोन तमुक ठिकाणी होता, म्हणून अमुक माणसाला लागण होण्याचा संभव आहे. त्यात पक्ष आहे, साध्य आहे, हेतू आहे. तेव्हा आम्ही त्यात डोकावायला हरकत नसावी.

आधी फोनला नेमकं काय ठाऊक असतं ते पाहू, कारण इथेच लोक घाईने पुढे जातात. फोनचं ठिकाण कळण्याचे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे मोबाइल कंपनीकडची नोंद, की तुमचा फोन त्या वेळी कोणत्या टॉवरशी जोडलेला होता. शहरात एका टॉवरचा पट्टा काहीशे मीटरचा असतो, खेड्यापाड्यात काही किलोमीटरचा. म्हणजे ही नोंद फार तर एवढंच सांगेल की तुम्ही लक्ष्मी रोडच्या आसपास होता. संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या आसपास किती माणसं असतात हे पुणेकरांना सांगायला नको. दुसरा मार्ग उपग्रहांचा, म्हणजे जीपीएसचा. उघड्या आभाळाखाली साधारण स्मार्टफोन आपलं ठिकाण पाचेक मीटरच्या आत सांगतो. रस्ता शोधायला हे उत्तम आहे. पण कोविडच्या काळात 'निकटचा संपर्क' म्हणजे काय, तर सहा फुटांच्या आत पंधरा मिनिटं, असं आपण सगळे पाठ म्हणत होतो. सहा फूट म्हणजे दोन मीटरपेक्षाही कमी. ज्या फूटपट्टीची चूकच पाच मीटरची आहे तिने दोन मीटर मोजायचे. आणि फोन दोन, म्हणजे चुकाही दोन. नकाशावर एकाच ठिपक्यावर दिसणारी दोन माणसं प्रत्यक्षात रस्त्याच्या दोन बाजूंना उभी असू शकतात.

आता 'उघड्या आभाळाखाली' हे शब्द पुन्हा ऐका. उपग्रहाचा संकेत भिंती आणि स्लॅब यांतून धड येत नाही. घरात, लोकलच्या डब्यात, हॉलमध्ये, दवाखान्याच्या तळघरात तो ढेपाळतो. आणि कोविड पसरायचा कुठे? मुख्यतः बंद जागेत, जिथे तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात येते तिथे. म्हणजे हे उपकरण सर्वात अचूक चालतं ते मैदानावर, जिथे धोका सर्वात कमी. आणि धोका जिथे सर्वात जास्त, तिथे ते आंधळं. हा योगायोग नव्हे. छप्पर हे दोन्हींचं कारण आहे. छपराने हवा कोंडते आणि छपरानेच संकेत अडतो. तंत्रज्ञान सुधारलं की हे सुटेल असं कोणी म्हणालं तर आम्ही आधी हा मुद्दा त्याच्यापुढे ठेवू.

उंचीचीही तीच गत. नकाशाला अक्षांश-रेखांश कळतात, मजला नीट कळत नाही. मुंबईत बावीस मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आणि अठराव्या मजल्यावरची विद्यार्थिनी नकाशावर एकमेकांच्या मांडीवर बसलेले दिसतात. त्यांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं. आणि भिंत? शेजारच्या बिऱ्हाडाची खाट आणि आपली खाट यांच्यात नऊ इंचाची भिंत असते. नकाशाच्या हिशोबात हे दोघे रात्रभर एकत्र झोपले.

इथपर्यंतच्या अडचणी मोजमापाच्या झाल्या. तुम्ही म्हणाल, मोजमाप सुधारेल. ठीक, सुधारलं असं धरू. उद्या फोन इंचाइंचाने अचूक झाला, मजला आणि भिंत त्याला कळू लागली. तरी अनुमान पक्कं होतं का? आमच्या मते नाही, आणि खरा विषय इथेच सुरू होतो.

मागच्या वेळचं उदाहरण आठवा. धुरावरून अग्नीचं अनुमान होतं, पण अग्नीवरून धुराचं होत नाही. का नाही? तर लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा असतो. त्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीपासून धूर निघायला इंधन ओलं असावं लागतं. हे ओलं इंधन म्हणजे नैयायिकांच्या भाषेत 'उपाधी'. अनुमानात दडून बसलेली अट. ती अट तुम्ही बोलला नाहीत तर अनुमान वरून ठाकठीक दिसतं आणि आतून पोकळ असतं.

आता फोनच्या अनुमानाला हे लावू. 'दोघे जवळ होते, म्हणून लागण झाली असेल.' इथली उपाधी कोणती? हवा कोंडलेली होती की खेळती. तोंडावर मुखपट्टी होती की नव्हती. दोघे बोलत होते, गात होते, की पाठीला पाठ लावून गप्प उभे होते. रोगी त्या दिवशी रोग पसरवण्याच्या अवस्थेत होता की त्याच्या पुढे गेला होता. ओलं इंधन ते हे. आणि यातलं एकही फोनच्या ठिकाणात लिहिलेलं नसतं.

दोन उदाहरणं घेऊ, दोन्ही नोंदलेली आणि बरीच चर्चा झालेली. पहिलं चीनमधल्या ग्वांगझोचं. २४ जानेवारी २०२० ला एका रेस्टॉरंटमध्ये तीन कुटुंबं तीन शेजारशेजारच्या टेबलांवर जेवायला बसली होती. खिडक्या नव्हत्या, वातानुकूलन यंत्राचा झोत त्या तीन टेबलांवरून फिरत होता. पुढे या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोविड झाला. त्याच मजल्यावरचे इतर गिऱ्हाईक आणि वाढपी मात्र सुटले. फोनच्या नकाशावर हे सगळे एकाच ठिपक्यात आहेत. फरक कशाने पडला? झोताच्या दिशेने. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या स्कॅजिट काउंटीचं. १० मार्च २०२० ला एका गायकवृंदाची तालीम झाली. एकसष्ट माणसं, सुमारे अडीच तास. त्यांतल्या एकाला आधीपासून लक्षणं होती. त्या तालमीनंतर आणखी बावन्न जण आजारी पडले, दोन जण दगावले. एकसष्ट माणसं अडीच तास एका खोलीत गप्प बसून वाचन करत असती तरी फोनची नोंद अक्षरशः तीच झाली असती. गाणं फोनच्या ठिकाणात उमटत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की ठिकाण ही एक गोष्ट आणि संपर्क ही वेगळी गोष्ट. वैशेषिकांनी 'संयोग' हा एक गुण मानला आहे आणि त्याची गंमत अशी की तो एकाच वेळी दोन द्रव्यांत राहतो. एकट्या द्रव्याकडे कितीही निरखून पाहा, संयोग सापडणार नाही. फोन एकेकट्या माणसाचा ठावठिकाणा लिहितो. दोन ठावठिकाणे शेजारी ठेवले की नातं तयार होतं, असं आपण गृहीत धरतो. लोकलमध्ये समोरच्या बाकावर बसलेला माणूस आणि शेजारचा माणूस, दोघेही जवळच. पण एकाबरोबर आपण डबा वाटून खाल्ला.

आता प्रत्यक्ष प्रयोग कुठे झाला ते पाहू. इस्राएलने मार्च २०२० मध्ये शिन बेत या आपल्या अंतर्गत सुरक्षा संस्थेला, दहशतवाद्यांच्या मागावर असणाऱ्या संस्थेला, रोग्यांच्या फोनच्या नोंदी वापरून संपर्क शोधायला सांगितलं. यंत्रणा कच्ची होती असं कोणी म्हणणार नाही. तरी काय झालं? आजारी मित्राच्या इमारतीबाहेर रस्त्यावर उभं राहून त्याला नुसता हात हलवणाऱ्या एका तरुणीला विलगीकरणाचा आदेश गेला, अशी बातमी तेव्हा जगभर आली. चुकीच्या संदेशांच्या तक्रारींचा ढीग पडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या राज्य लेखापरीक्षकांनी अहवाल दिला. शिन बेतने शोधून काढलेल्यांपैकी ३.५ टक्के लोक बाधित निघाले, आणि माणसांनी चौकशी करून शोधलेल्यांपैकी २४ टक्के.

आता इथे आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही थांबवलं असतं. हे आकडे आमच्या बाजूचे आहेत, म्हणून ते तसेच गिळायचे का? चौकशी करणारा माणूस सुरुवात घरापासून करतो: बायको, आई, मुलं. घरात लागण होण्याचा संभव मुळातच जास्त, त्यामुळे त्याचा आकडा मोठा येणारच. फोनच्या वाट्याला उरतात बसमधले, दुकानातले, अनोळखी लोक. तेव्हा या दोन आकड्यांची तुलना सरळ नाही. पण उलटूनही पाहा. शंभर जणांना घरात कोंडायचं आणि त्यांतल्या शहाण्णवांहून अधिक निरोगी, हे आपण कोणत्या कारणाने खपवून घेतो? हातावर पोट असलेल्या माणसासाठी चौदा दिवस म्हणजे चौदा दिवसांची मजुरी. पुढे मार्च २०२१ मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने या पाळतीला आवर घातला. जे स्वतः होऊन माहिती देत नाहीत त्यांच्यापुरतीच ती राहावी, असा त्या निकालाचा रोख होता.

'जे माहिती देत नाहीत' हा पूर्वपक्षाचा सर्वात भक्कम मुद्दा आहे. माणसं विसरतात, आणि खोटंही बोलतात. फोन खोटं बोलत नाही. दक्षिण कोरियात २०१५ च्या मर्स साथीनंतर कायदा बदलून फोनची नोंद, कार्डाचे व्यवहार, सीसीटीव्ही हे सगळं तपासण्याचा अधिकार आरोग्य खात्याला मिळाला होता. मे २०२० मध्ये सोलच्या इटेवॉन भागातल्या नाइटक्लबांतून साथ पसरली. तेव्हा इंचॉन शहरातल्या एका शिकवणी घेणाऱ्या माणसाने आपला व्यवसाय आणि आपल्या भेटी दडवल्या. फोनच्या ठिकाणांवरून ते उघड झालं. तोवर त्याच्याकडून विद्यार्थ्यांपर्यंत आणि पुढे लागण पोचली होती. इथे फोन उपयोगी पडला, हे मान्यच करायला हवं.

पण तो माणूस खोटं का बोलला? त्यातले काही क्लब समलिंगी लोकांचे होते. आधीच्या रोग्यांच्या हालचाली, कोण कुठे गेला, किती वाजता, हे तिथल्या व्यवस्थेप्रमाणे जाहीर होत होतं आणि वर्तमानपत्रांनी क्लबचं स्वरूप मथळ्यात घातलं होतं. नोकरी जाईल, घरच्यांना कळेल, ही भीती हवेतच होती. मग सोल महापालिकेने नाव न विचारता तपासणी सुरू केली, आणि तपासणीला येणाऱ्यांची संख्या वाढली. म्हणजे बघा, ज्या व्यवस्थेने खोटं पकडलं त्याच व्यवस्थेने खोटं बोलण्याची गरज निर्माण केली होती. साक्षीदाराला घाबरवायचं, मग तो खोटं बोलतो म्हणून साक्षीदारच नको म्हणायचं. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. ज्याला विषय ठाऊक आहे आणि तो जसा आहे तसा सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. रोगी स्वतःच्या संपर्कांविषयी सर्वात जाणता असतो. त्याची सांगण्याची इच्छा टिकते की मरते, हे आपण त्याला कसं वागवतो यावर असतं.

पुणेकरांना हे १८९७ मध्येच कळायला हवं होतं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, प्लेग कमिटीचे प्रमुख म्हणून रँड आले आणि गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी हुडकू लागले. परिणाम काय? लोकांनी रोगी लपवले. हुडकण्याची पद्धत जितकी कडक, तितकं हुडकायचं वाढलं. आणि २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात जो कायदा लागू झाला तो हाच, १८९७ चा.

त्याच साथीतली दुसरी गोष्टही आठवते. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना लागण होऊन. आम्ही हे भावनेने सांगत नाही. संसर्गाच्या वाटा पुष्कळदा सेवेच्या वाटा असतात, एवढं दाखवायचं आहे. २०१४ मध्ये लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी या देशांत इबोला पसरला तेव्हा मोबाइल कंपन्यांनी कॉलच्या नोंदी खुल्या कराव्यात म्हणून मोठी ओरड झाली. पण इबोला पसरतो रोग्याच्या शरीरातल्या द्रवांच्या स्पर्शाने. आजाऱ्याची ओकारी कोणी पुसली, मृतदेहाला आंघोळ कोणी घातली, हा तिथला प्रश्न होता. दोनशे माणसं अंगणात जमली आणि आतल्या खोलीत दोन बायकांनी प्रेत धुतलं, तर धोका मुख्यतः त्या दोघींना. टॉवरची नोंद दोनशे दोन म्हणेल. किंवा काहीच म्हणणार नाही, कारण त्या दोघींकडे फोनच नसेल.

फोन नसणं, यावर थोडं थांबू. इथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला आवडत नाही.

जून २०२० मध्ये आमच्या सोसायटीत घरकामाच्या बायकांना पुन्हा आत घ्यायचं ठरलं. समितीने नियम केला की प्रत्येकीने फाटकावर फोनमधला नकाशा दाखवायचा, मागच्या पंधरा दिवसांत फोन कुठे कुठे गेला तो. प्रतिबंधित क्षेत्रातून गेलेला दिसला तर प्रवेश नाही. त्या समितीत आम्ही होतो. नियमाला हात आम्हीही वर केला होता. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या फोनवर एका प्रतिबंधित भागातून गेलेली रेघ चांगली ठळक दिसली. त्या म्हणाल्या, "काका, फोन दिवसभर पोराकडं असतो. मी घरातनं हललेच न्हाई." मुलगा भाजीच्या टेंपोवर होता. आम्ही नकाशा पाहिला, मावशींकडे पाहिलं आणि नकाशावर विश्वास ठेवला. तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक! फोन म्हणजे माणूस नव्हे, हे पहिल्या पायरीचं वाक्य आम्हाला त्या दिवशी सुचलं नाही.

बरं, मुलगा त्याच खोलीत झोपतो म्हटल्यावर धोका अगदीच नव्हता असंही नाही. म्हणजे नकाशा मावशींविषयी चुकला, तरी विचारण्याजोगा प्रश्न उरत होता. तो कोणी विचारला? काही दिवसांनी त्यांच्या वस्तीत आरोग्यसेविका आल्या तेव्हा त्यांनी. घरात कोण कोण झोपतं? पोरगा टेंपोतून कुठे उतरला? कोणाबरोबर जेवला? कोणाला ताप आहे का? उत्तर असं निघालं की टेंपो त्या भागातून नुसता पुढे गेला होता. मंडईचा रस्ताच तिकडून जातो. काच वर, उतरणं नाही. पाच मिनिटांत संपलं.

आणि त्याच महिन्यात आमच्याच इमारतीत एका घरी तीन कुटुंबं जेवायला जमली. सगळे याच इमारतीतले. सगळ्यांचे फोन नकाशावर 'घरी'. इतका स्वच्छ नकाशा शोधून सापडला नसता. आठवड्याभरात त्यांच्यातले चार जण आजारी. त्यांना फाटकावर कोणी अडवलं नव्हतं, कारण ते फाटकाबाहेर गेलेच नव्हते.

मग फोनच्या माहितीचा काहीच उपयोग नाही का? असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणं आळसाचं होईल. केनियात जून २००८ ते जून २००९ या वर्षातल्या सुमारे दीड कोटी फोनच्या नोंदींवरून लोक देशात कसे ये-जा करतात ते पाहिलं गेलं आणि मलेरियाचे जंतू माणसांबरोबर कोणत्या भागातून कोणत्या भागात जातात याचा अंदाज बांधता आला. हे चांगलं काम होतं. तिथे प्रश्नच असा होता की मोजमापाची चूक काही किलोमीटरची असली तरी चालते. व्हिक्टोरिया सरोवराकडून नैरोबीकडे किती माणसं जातात, हा प्रवाहाचा प्रश्न आहे. तो फोनला विचारावा. या माणसाने त्या माणसाला रोग दिला का, हा निराळ्या जातीचा प्रश्न आहे. एकाचं उत्तर देणारं साधन दुसऱ्याचंही देईल असं मानणं ही कोटीची चूक आहे.

दुसरी कबुली ब्लूटूथची. एप्रिल २०२० मध्ये ॲपल आणि गूगल यांनी मिळून जी पद्धत आणली तिने ठिकाण मुळीच विचारायचं नाही असं ठरवलं. दोन फोन एकमेकांच्या किती जवळ आहेत एवढंच, संकेताच्या जोरावरून. आमच्या दृष्टीने ही वैचारिक प्रगती आहे, कारण इथे निदान दोघांतलं नातं मोजायचा प्रयत्न आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या ॲपने २०२० च्या शेवटच्या महिन्यांत काही लाख संभाव्य रुग्ण टाळले असा अंदाज संशोधकांनी मांडला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी हीच पद्धत ट्राममध्ये तपासली, तेव्हा धातूच्या डब्यात संकेत असे उसळत राहिले की काही देशांच्या नियमांनुसार एकही इशारा निघाला नाही. आपलं आरोग्य सेतू ब्लूटूथ आणि जीपीएस, दोन्ही घेत होतं. साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ हा क्रमांक ठेवला होता. म्हणजे ज्यांचा फोन ठिकाण सांगू शकत नव्हता त्यांना शेवटी तोंडानेच विचारावं लागलं.

आणि विश्वासाचं म्हणाल तर सिंगापूरचं पाहा. तिथलं ॲपही ठिकाण नोंदवत नव्हतं. माहिती फक्त संपर्क शोधायला वापरली जाईल असं सरकारने सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत कळलं की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीसही ती घेऊ शकतात. मग घाईने कायदा करून गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा घालावी लागली. आजारी माणसाने दिलेली माहिती चौकीत पोचणार असेल तर पुढच्या वेळी तो फोन घरी ठेवून निघेल. आम्ही तरी निघू.

शेवटी धारावी. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचा भाग, आठ-दहा लाख वस्ती, बहुतेकांना सार्वजनिक शौचालयांचाच आधार. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला. धारावीत फोनचं ठिकाण घेऊन काय करणार? सगळे ठिपके एकमेकांवर. प्रत्येकजण प्रत्येकाच्या संपर्कात, म्हणजे संपर्क या शब्दाला अर्थच उरला नाही. आणि सकाळी शौचालयाच्या रांगेत जाताना माणूस डबा घेऊन जातो, फोन खाटेवर असतो. तिथे महापालिकेचे लोक, खासगी डॉक्टर, स्थानिक स्वयंसेवक गल्लीगल्लीत फिरले. ताप पाहिला, प्राणवायूची पातळी पाहिली, शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली, आणि विलगीकरणात नेलेल्यांच्या जेवणाची सोय केली. ही जेवणाची सोय संपर्क शोधण्याचाच भाग होता, असं आम्हाला वाटतं. पोटाची काळजी मिटल्यावर माणूस नावं सांगतो.

तर त्या तरुण श्रोत्याला आमचं उत्तर: तुमचं अनुमान धुरावरून अग्नीचं नाही, अग्नीवरून धुराचं आहे. इंधन ओलं होतं का, ते विचारावं लागतं, आणि ते विचारायला कोणीतरी दारात जावं लागतं.

मावशी पाच आठवड्यांनी परत आल्या. आमच्या घरचा पगार आम्ही दिला होता. बाकीच्या तीन घरांनी दिला का, हे आम्ही विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. समितीच्या वहीत तो नियम अजून आहे. रद्द केल्याची नोंद कोणी घातलेली नाही. पुढच्या बैठकीत ते करून घ्यायचं आमच्या मनात आहे.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कोणीतरी हात वर केला होता.